किरकोळ मारहाणीच्या खटल्यातील बचाव : दंडसंहितेच्या गद्याचा एक विचार

१

फौजदारी कायद्याच्या अभ्यासात खुनाच्या खटल्यांना जे स्थान मिळते, ते किरकोळ मारहाणीच्या खटल्यांना मिळत नाही. खुनाच्या खटल्यावर पुस्तके लिहिली जातात, नाटके रचली जातात, उच्च न्यायालयांचे निवाडे पाठ केले जातात. बांधावरून, नळावरून, जिन्यातील सामानावरून वा थकलेल्या भाड्यावरून दोन माणसांत जी झटापट होते, तिची नोंद मात्र पोलीस ठाण्याच्या एका वहीत होते आणि तेथेच बहुधा विसरली जाते. तरीही सामान्य माणसाचा फौजदारी कायद्याशी प्रत्यक्ष संबंध आला, तर तो बहुधा अशाच प्रसंगी येतो. शिक्षा लहान असते हे खरे. पण दोषसिद्धी ही दोषसिद्धीच असते. नोकरीच्या वेळी चारित्र्याची पडताळणी होऊ लागली, म्हणजे तिची सावली त्या माणसावर पडते.

या खटल्यांतील बचावाचा विचार केवळ विधिशास्त्राच्या अंगाने पुरा होत नाही. त्याला भाषेचेही अंग आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील हमल्याविषयीची कलमे हा अत्यंत काटेकोर गद्याचा नमुना आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने क्रमांक बदलले आहेत, परंतु या विषयापुरती व्याख्यांची शब्दरचना बहुतांशी तीच ठेवली आहे. या गद्यात कृती, हेतू, क्रम आणि शब्द यांची जी बारीक फोड केली आहे, तीच आरोपीच्या बचावाची खरी भूमी होय. उलट फिर्यादीची आणि जबाबाची रूढ भाषा ही फोड पुसून टाकते. संहितेचे गद्य आणि दफ्तरी गद्य यांमधील हे अंतर किती आहे व त्याचे परिणाम काय होतात, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

१८३३ च्या सनदी कायद्यान्वये नेमलेल्या पहिल्या विधि आयोगाने मेकॉले यांच्या अध्यक्षतेखाली १८३७ साली संहितेचा मसुदा सादर केला. त्यात पुढे अनेक फेरफार होऊन १८६० साली तो कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला. मसुद्याचे सर्वांत लक्षणीय वैशिष्ट्य म्हणजे कलमांना जोडलेले दृष्टांत. इंग्लंडच्या विधिपरंपरेत नियम न्यायालयीन निवाड्यांतून वेचून काढावा लागे. येथे नियम प्रथम सांगून त्याच्याखाली लहानसा प्रसंग रचून दाखविला आहे.

मराठी वाचकाला ही रचना अपरिचित वाटण्याचे कारण नाही. महानुभाव पंथाच्या वाङ्मयात केसोबासांनी सिद्ध केलेल्या दृष्टांतपाठाची मांडणी सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी त्रिविध आहे. आधी वचन, मग लहानशी गोष्ट, शेवटी त्या गोष्टीचा वचनाशी मेळ. संहितेत कलम हे सूत्राच्या जागी आहे, 'क' व 'य' यांचा प्रसंग हा दृष्टांत आहे, आणि 'म्हणून क ने य वर हमला केला आहे' असे जे समारोपाचे वाक्य येते, ते दार्ष्टांतिकाचे काम करते. दोन्ही ठिकाणी हेतू एकच आहे : सूत्राचा अर्थ ऐकणाऱ्याच्या लहरीवर सोडावयाचा नाही.

हमल्याचा विषय संहितेने तीन पायऱ्यांनी मांडला आहे. जुन्या संहितेच्या ३४९ व्या कलमात 'बल' म्हणजे काय ते सांगितले आहे. एखाद्याला गती देणे, त्याची गती बदलणे वा थांबविणे म्हणजे बलप्रयोग. ही व्याख्या यंत्रशास्त्रातील वाटावी इतकी निर्विकार आहे. तीत गुन्ह्याचा गंधही नाही. गर्दीत माणूस माणसाला लोटतो, आई मुलाचा हात धरून त्याला ओढते. हा सर्व बलप्रयोगच. ३५० व्या कलमात हे बल फौजदारीपात्र केव्हा होते ते येते : ते हेतुपुरस्सर असले पाहिजे, समोरच्या व्यक्तीच्या संमतीवाचून असले पाहिजे, आणि त्यामागे एखादा अपराध करण्याचा अथवा इजा, भीती वा त्रास पोचविण्याचा उद्देश किंवा तशी जाणीव असली पाहिजे. ३५१ व्या कलमात मग 'हमला' येतो. येथे स्पर्श मुळीच आवश्यक नाही. समोर हजर असलेल्या माणसाला, आता आपल्यावर बलप्रयोग होणार, अशी धास्ती वाटेल असा हावभाव वा तयारी करणे एवढ्याने हमला पूर्ण होतो.

या तीन कलमांखालील प्रसंग चित्रमय आहेत. नदीकाठी बांधलेल्या नावेत य बसला आहे आणि क दोर सोडून नाव प्रवाहात लोटतो. य रथात बसून चालला आहे आणि क त्याच्या घोड्यांना चाबूक मारतो. पालखीचा दांडा धरून कोणी पालखी अडवितो. रस्त्यात कोणी धक्का देतो. हमल्याच्या कलमात एक जण मूठ उगारतो. दुसरा क्रूर कुत्र्याचे मुसके सोडू लागतो. तिसरा काठी उचलतो व आता तुला मारतो असे म्हणतो. या तिसऱ्या प्रसंगात संहितेची सूक्ष्मता कळसाला पोचते. नुसते शब्द म्हणजे हमला नव्हे. नुसती काठी उचलणे हाही कदाचित हमला नव्हे, कारण माणूस काठी कुत्रे हाकलण्यासाठीही उचलतो. पण शब्दांनी कृतीला अर्थ येतो, आणि दोन्ही मिळून हमला होतो.

याची दुसरी बाजू इंग्रजी विधिपरंपरेत १६६९ मधील एका जुन्या निवाड्यात दिसते. एकाने तलवारीच्या मुठीवर हात ठेवला, परंतु न्यायाधीशांचा फेरा नगरात चालू नसता तर हे बोलणे सहन केले नसते, अशा आशयाचे शब्द उच्चारले. शब्दांनीच कृतीचा अर्थ काढून घेतला. आज काही होणार नाही, असे ते सांगत होते. म्हणून तो हमला ठरला नाही. शब्द कृतीला धार देतात तशी ती बोथटही करतात. बचावाच्या दृष्टीने हा विचार फार मोलाचा आहे. कारण भांडणात नेमके कोणते शब्द उच्चारले गेले, यावर हमला झाला की नाही हेच अवलंबून राहू शकते.

३

मराठीत या व्याख्या आणताना 'हमला' हा शब्द योजला गेला आणि तो रूढही झाला. परंतु हा शब्द मराठीच्या व्यवहारात फार जड आहे. हमला म्हटला की शत्रूची चाल, दरोडा, निदान हातातील हत्यार डोळ्यांपुढे येते. मूठ उगारणाऱ्याने हमला केला, असे मराठी माणूस सहजी म्हणणार नाही. उलट मराठी बोलीत या पायऱ्यांना स्वतःचे शब्दप्रयोग फार पूर्वीपासून आहेत. 'हात उगारणे' आणि 'अंगावर धावून जाणे' ही संहितेच्या ३५१ व्या कलमाची जवळजवळ अचूक मराठी रूपे होत. 'हात टाकणे' हे ३५० व्या कलमाचे. 'मार लागणे' यात दुखापतीची पायरी येते. ती ३१९ व ३२३ या कलमांत वेगळी सांगितली आहे. हात उगारला, हात टाकला, मार लागला : सामान्य मराठी भाषक हे तीन प्रयोग एकमेकांच्या जागी वापरीत नाही. विधीच्या परिभाषेत जो भेद जड शब्दांनी व्यक्त करावा लागतो, तो बोलीत क्रियापदांच्या बदलाने सहज व्यक्त होतो.

दफ्तरी मराठीने मात्र या संपत्तीचा उपयोग केला नाही. 'शिवीगाळ करून लाथाबुक्क्यांनी मारहाण केली व जिवे मारण्याची धमकी दिली' हे वाक्य महाराष्ट्रातील फिर्यादींतून इतक्या वेळा येते, की ते वर्णन राहिलेले नसून साचा झाले आहे. त्यात लाथ कोणी मारली, बुक्की आधी की नंतर, हात नुसता उगारला की लागला, तत्पूर्वी समोरच्याने काय केले, हे काहीच कळत नाही. 'मारहाण' या एका नामाने संहितेतील तिन्ही पायऱ्या एकत्र कालवल्या जातात. नामाला क्रम नसतो. क्रम क्रियापदांना असतो. आणि किरकोळ मारहाणीच्या खटल्यात बचावाचा जीव बहुधा क्रमातच असतो.

४

या खटल्यातील बचाव दोन प्रकारचा असतो आणि या दोहोंतील भेद विद्यार्थ्यांकडून अनेकदा दुर्लक्षिला जातो. पहिला प्रकार व्याख्येच्या आतला. धक्का लागला, पण तो हेतुपुरस्सर नव्हता. आखाड्यात लढत चालू होती आणि तिला दोघांची संमती होती. मूठ उगारली तेव्हा फिर्यादी हजरच नव्हता. धमकी पुढच्या आठवड्याची होती, तत्काळची नव्हती. अशा वेळी आरोपी कोणताही अपवाद मागत नाही. व्याख्येतील एक शब्द प्रस्तुत प्रसंगाला लागू पडत नाही, एवढेच तो म्हणतो. हेतू, संमतीचा अभाव, हजेरी, तत्काळता हे सर्व शाबीत करण्याचे ओझे अखेरपर्यंत अभियोग पक्षावरच राहते.

दुसरा प्रकार अपवादांचा. कृती व्याख्येत बसते, पण संहितेच्या चौथ्या प्रकरणातील एखादे कलम तिला गुन्हा होऊ देत नाही. १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या १०५ व्या कलमाने, आणि आता २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १०८ व्या कलमाने, अशा अपवादाची परिस्थिती दाखविण्याचे ओझे आरोपीवर टाकले आहे. तथापि हे ओझे अभियोग पक्षाच्या ओझ्याइतके भारी नाही. आरोपीने आपली हकीकत अधिक संभवनीय आहे एवढे दाखविले तरी पुरते, आणि तेही फिर्यादी पक्षाच्याच साक्षीदारांच्या उलटतपासणीतून दाखविता येते. मुन्शी राम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले की, खाजगी संरक्षणाचा बचाव आरोपीने शब्दशः घेतला नसला, तरी तो नोंदीवरील पुराव्यातून निघत असेल तर न्यायालयाने त्याचा विचार केला पाहिजे.

अपवादांपैकी ९५ वे कलम किरकोळ मारहाणीला सर्वांत जवळचे आहे. सामान्य समज व स्वभाव असलेला माणूस ज्याबद्दल तक्रार करणार नाही, इतका क्षुल्लक अपाय हा गुन्हा नव्हे, असे ते सांगते. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले मुंबईतील वांद्र्याचे एक प्रकरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. भाडेकरू आणि घरमालकीण यांच्या कुटुंबांतील कलह. आदल्या दिवशी नोकराने उच्चारलेले अपशब्द, त्यांत 'हलकट' हा अस्सल मुंबईचा शब्दही होता. दुसऱ्या दिवशीची बाचाबाची. आणि रागाच्या भरात फेकलेली कागदांची फाईल. ती ज्याच्यावर फेकली त्याला न लागता त्याच्या पत्नीच्या कोपराला लागली व ओरखडा उठला. फिर्यादीत मात्र याहून पुष्कळ काही होते. घरात घुसणे, बूट फेकणे, मुलाला थप्पड मारणे, रक्त वाहणारी जखम. दंडाधिकाऱ्यांनी यातील बहुतेक भाग खोटा ठरवून केवळ साध्या दुखापतीबद्दल दोषी धरले. उच्च न्यायालयाने ९५ व्या कलमाखाली आरोपीला सोडले, आणि न्या. जे. सी. शाह यांच्या निवाड्याने सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. हे कलम केवळ अपघाताने झालेल्या अपायापुरते नाही, जाणूनबुजून केलेल्या कृतीलाही ते लागू पडू शकते. आणि अपाय क्षुल्लक आहे की नाही हे इजेचे स्वरूप, पक्षकारांचे परस्परसंबंध व स्थान, हेतू आणि भोवतालची परिस्थिती यांवरून ठरवावयाचे, असे त्यात सांगितले आहे.

हा निवाडा वाचताना एक गोष्ट सहज ध्यानात येते. न्यायालयाने जे केले ते मुळात फिर्यादीच्या कथनाचे परीक्षण होते. एकामागून एक घटक वेगळा काढून, कोणता खरा व कोणता चढविलेला हे पाहून, अखेर उरला तो एक ओरखडा. मात्र ९५ व्या कलमाला मर्यादा आहे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. चंदीगड येथील एका मेजवानीत वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने सनदी सेवेतील एका स्त्रीशी केलेल्या असभ्य वर्तनाच्या प्रकरणात, स्त्रीच्या विनयाला धक्का लावणारी कृती क्षुल्लक मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरविले. ओरखड्याची लांबी येथे अपायाचे माप होऊ शकत नाही. कृती लहान असली तरी अपमान लहान नसतो, हा विवेक ९५ व्या कलमाच्या वापरात सतत जागा ठेवावा लागतो.

५

खाजगी संरक्षणाचा हक्क जुन्या संहितेच्या ९६ ते १०६ या कलमांत, व आता न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत सांगितला आहे. स्वतःचेच नव्हे, तर दुसऱ्या कोणाच्याही शरीराचे रक्षण करण्याचा हा हक्क आहे. प्रत्यक्ष फटका पडण्याची वाट पाहावी लागत नाही. धोक्याची वाजवी धास्ती उत्पन्न होताच तो सुरू होतो आणि धास्ती असेपर्यंतच टिकतो. संरक्षणासाठी लागेल त्याहून अधिक अपाय करता येत नाही.

या कलमांतील एक दृष्टांत विशेष उल्लेखनीय आहे. क ला ज्या घरात जाण्याचा अधिकार आहे त्या घरात तो रात्री शिरतो. य त्याला घरफोड्या समजून सद्भावाने त्याच्यावर चालून जातो. य ने गुन्हा केलेला नाही, कारण तो गैरसमजाखाली आहे. तरीही क ला स्वसंरक्षणाचा पूर्ण हक्क आहे. दोघे एकमेकांशी झुंजत आहेत आणि दोघेही निर्दोष आहेत. प्रत्येक भांडणात एक आक्रमक व एक पीडित असलाच पाहिजे, ही ठाण्यातील आणि समाजातीलही समजूत या चार ओळींनी मोडून काढली आहे.

या हक्काची मर्यादा ठरविताना दोन निवाडे एकत्र वाचले पाहिजेत. १९५० च्या मार्चमध्ये कटनी येथे झालेल्या दंगलीत जमाव दुकानाचे दार ठोठावीत असता एका दुकानदाराने बंदूक चालविली. १९५२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले. पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असलेले न्या. व्हिव्हियन बोस यांनी लिहिलेल्या निवाड्याचा आशय असा की, दार फुटून जमाव आत येईपर्यंत थांबण्याचे बंधन त्याच्यावर नव्हते, आणि अशा क्षणी केलेली कृती सोन्याच्या काट्याने तोलता येत नाही. पंजाबातील शेताच्या वादातून उद्भवलेल्या जयदेव प्रकरणात न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी दुसरी कड दाखविली. प्रतिपक्ष पळू लागला, दूर गेला, आणि तरीही गोळ्या झाडल्या गेल्या. तेव्हा संरक्षण संपले होते, उरला होता तो सूड. दोन्ही प्रकरणे प्राणहानीची आहेत. पण त्यांतील तत्त्व चापटीच्या खटल्यालाही तसेच लागू पडते. उगारलेली काठी हिसकावून घेणे संरक्षण होय; हिसकावलेल्या काठीने, पाठ फिरवून निघालेल्या माणसाला मारणे संरक्षण नव्हे. भेद आहे तो पुन्हा क्रमाचा.

येथे संहितेच्या मूळ भूमिकेविषयी एक आक्षेप नोंदविणे प्राप्त आहे. १८३७ च्या मसुद्याला जोडलेल्या टिपणीत आयोगाने असे म्हटले होते की, या देशातील लोकांच्या स्वसंरक्षणावर बंधने वाढविण्यापेक्षा त्यांच्या ठिकाणी मर्दानी वृत्ती जागविणे इष्ट आहे. यात परक्या राज्यकर्त्याची लोकांकडे पाहण्याची दृष्टी उघड दिसते. येथील माणूस अन्याय मुकाट्याने सोसतो, हे त्यात गृहीत धरलेले आहे. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, जे धैर्य जागवावयाचे होते त्याला ९९ व्या कलमाने एका दाराशी थांबविले आहे. लोकसेवक आपल्या पदाच्या अधिकाराखाली सद्भावाने कृती करीत असेल, तर ती कायद्याने काटेकोरपणे समर्थनीय नसली तरी, मृत्यूची वा जबर दुखापतीची वाजवी भीती नसेल तेथवर तिच्याविरुद्ध संरक्षणाचा हक्क नाही. शेजाऱ्याच्या काठीपुढे ताठ उभे राहावे, शिपायाच्या काठीपुढे मान लववावी, असा याचा व्यवहारातील अर्थ होतो. राज्यव्यवस्थेला असे काही रक्षण हवे, हे नाकारता येत नाही. पण परक्या सत्तेच्या गरजेतून आलेले हे शब्द २०२३ च्या संहितेतही ३७ व्या कलमात जसेच्या तसे राहावेत, याचा पुनर्विचार व्हावयास हवा होता. 'सद्भाव' या एका शब्दावर येथे फार मोठा भार टाकला आहे.

६

प्रक्षोभाचा बचाव हा खऱ्या अर्थाने बचाव नव्हे; तो शिक्षा कमी करतो, गुन्हा नाहीसा करीत नाही. जुन्या संहितेत साध्या हमल्याला ३५२ व्या कलमाने ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. गंभीर व आकस्मिक प्रक्षोभामुळे केलेल्या हमल्याला ३५८ व्या कलमाने १ महिन्यापर्यंत साधी कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड. प्रक्षोभ स्वतः ओढवून घेतलेला नसावा, आणि तो कायद्याच्या पालनातून वा दुसऱ्याच्या स्वसंरक्षणातून उद्भवलेला नसावा, ही अटही त्यात होती. प्रक्षोभ कशाला म्हणावे याचा सर्वांत प्रसिद्ध विचार मुंबईच्या नानावटी प्रकरणात १९६१ साली झाला. आरोपी ज्या समाजात वाढला त्या समाजातील वाजवी माणसाचा संयम सुटला असता काय, आणि राग निवण्यास अवधी मिळाला होता काय, हे दोन प्रश्न तेथे निर्णायक ठरले. शब्द आणि हावभावही प्रक्षोभक ठरू शकतात, हेही त्यात मान्य झाले.

न्याय संहितेच्या १३१ व १३६ या कलमांनी कैदेचा भेद कायम ठेवला, पण दंडाची कमाल मर्यादा दोन्ही ठिकाणी १००० रुपये केली. या खटल्यांत कैद क्वचित व दंड बहुधा होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या समानीकरणाचा अर्थ कळतो. थंड डोक्याने हात उगारणारा आणि आईवरून शिवी ऐकून हात उगारणारा, यांत जुन्या संहितेने पैशांतही अंतर ठेवले होते. नव्या संहितेने ते पुसले. शिवाय समाजसेवेची शिक्षा ही नव्या संहितेची एक चांगली देणगी. सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्याला ती देता येते, साध्या हमल्याला मात्र देता येत नाही. शेजाऱ्यांच्या भांडणाला याहून योग्य शिक्षा शोधूनही सापडली नसती.

७

आता या सर्व सूक्ष्म भेदांचे प्रत्यक्षात काय होते ते पाहावयाचे. साधा हमला आणि साधी दुखापत हे अदखलपात्र, जामीनपात्र आणि आपसात मिटविता येण्याजोगे अपराध आहेत. दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलिसांना त्यांचा तपास करता येत नाही. लोकांच्या तोंडी जी 'एनसी' असते ती हीच नोंद. पुष्कळदा दोन्ही पक्ष एकमेकांविरुद्ध ती नोंदवितात, आणि दोन्ही नोंदींत लाथाबुक्क्यांचे तेच वाक्य, केवळ नावे उलटी करून, आढळते. तडजोड झाली तर कायद्याने तिचा परिणाम निर्दोष सुटण्याइतकाच असतो, हे सामान्य पक्षकाराला ठाऊक नसते. गुन्हा कबूल करून दंड भरणे आणि तडजोड करणे यांत त्याला फारसा फरक वाटत नाही. कारण दोन्ही वाटांनी तो त्याच दुपारी घरी जातो. पण एका वाटेने तो निर्दोष घरी जातो, दुसऱ्या वाटेने दोषी.

कबुलीच्या क्षणी तर भाषेचा प्रश्न निर्वाणीचा होतो. समन्स खटल्यात आरोपीने गुन्हा कबूल केल्यास ती कबुली शक्य तितकी त्याच्याच शब्दांत नोंदवावी, असा आदेश १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २५२ व्या कलमात होता आणि २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेच्या २७५ व्या कलमात तो आहे. हा आदेश साधा दिसतो, पण त्यात आरोपीचे सारे भवितव्य सामावले आहे. समजा, गुन्हा कबूल आहे काय असे विचारता आरोपी म्हणतो, 'हो साहेब, मारलं, पण आधी त्यानं काठी उगारली होती.' या वाक्याचा पूर्वार्ध कबुली आहे आणि उत्तरार्ध खाजगी संरक्षणाचा संपूर्ण बचाव आहे. वाक्य पूर्ण लिहिले तर ती कबुलीच राहत नाही. खटला चालविणे भाग पडते. 'गुन्हा कबूल' एवढेच लिहिले, तर 'पण' या अव्ययापासून पुढे जे होते ते नाहीसे होते, आणि त्याबरोबर आरोपीचा हक्कही. आरोपी खोटे बोललेला नाही, न्यायालयाने अन्याय करण्याचे योजिलेले नाही; केवळ संक्षेप झाला आहे.

या ठिकाणी संहितेच्या गद्यातील एक उणीवही स्पष्ट होते. दृष्टांतांतील क व य यांना भूतकाळ नाही. ते शेजारी नाहीत, भाऊबंद नाहीत, मालक व कूळ नाहीत. ते दृष्टांताच्या पहिल्या शब्दाबरोबर जन्मतात आणि शेवटच्या शब्दाबरोबर नाहीसे होतात. शिवाय क चा हेतू दृष्टांतकर्ता स्वतःच सांगून टाकतो. न्यायालयात तसा सर्वज्ञ निवेदक नसतो. तेथे हेतू उच्चारलेल्या शब्दांवरून, अंतरावरून, आधीच्या वैरावरून आणि नंतरच्या वागणुकीवरून अनुमानावा लागतो. आणि आधीचे वैर तर दुधारी असते, कारण त्यावरून हल्ल्याचे कारणही सिद्ध होते आणि खोट्या फिर्यादीचेही. दृष्टांतांवर पोसलेला विद्यार्थी या अनुमानाच्या कामात कच्चा राहतो. निवाड्यांचे वाचन त्याची भरपाई करते. म्हणून वांद्र्याच्या ओरखड्याचा निवाडा नानावटी प्रकरणाइतकाच अभ्यासक्रमात असावयास हवा.

या उणिवा मान्य करूनही संहितेच्या गद्याचे श्रेय कमी होत नाही. मूठ उगारण्यासारख्या क्षुद्र हालचालीलाही शब्दांची एवढी जपणूक दिली पाहिजे, ही त्यामागील जाणीव मोठी आहे. दोष आहे तो ही जपणूक ठाण्याच्या वहीपर्यंत आणि दंडाधिकाऱ्याच्या नोंदीपर्यंत पोचत नाही, यात. राज्यघटनेच्या ३९-अ या अनुच्छेदाने आणि १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याने विनामूल्य साहाय्याची तरतूद केली आहे; किरकोळ खटल्यातील आरोपीला त्या साहाय्याची गरज प्रथम भासते ती उलटतपासणीसाठी नव्हे, तर कबुलीच्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी. त्याच्या वकिलाचे पहिले काम युक्तिवाद हे नसून, झालेली हकीकत कोणी आधी काय केले या क्रमाने, त्याच्याच क्रियापदांत, नोंदीवर आणणे हे आहे. हात उगारला, हात टाकला आणि मार लागला यांतील अंतर मराठी माणसाला उपजत कळते. ते दफ्तरात लिहिले गेले, तर संहितेने दिलेला बचाव त्याच्या हाती येईल. न लिहिले गेले, तर तो कलमांतच राहील.